कुलूप माझं, लाइन जावयाची

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. आता स्वतःचं पॅकेज बांधायचं.

आज दातांच्या डॉक्टरांकडे अख्खी सकाळ गेली. काम काय, तर दवाखान्यातल्या मशीनवर वेब सर्व्हर बसवायचा आणि त्याला एन्क्रिप्शन जोडायचं, म्हणजे पुढच्या टेबलावरून आतल्या खोलीत पेशंटची माहिती जाताना वाटेत कोणाला वाचता येऊ नये. सर्व्हर फुकट आहे. जगभरच्या भल्या माणसांनी लिहून उघड्यावर ठेवलाय, ज्याला हवा त्याने घ्यावा. पण ते फुकट मिळालेल्या शिलाई मशीनसारखं आहे. सुई एकीकडे, दोरा दुसरीकडे, पट्टा कोणाच्या माळ्यावर देव जाणे. सर्व्हर आणि एन्क्रिप्शनच्या आवृत्त्या जुळल्या तर ठीक, नाहीतर रुसलेल्या जावांसारख्या एकमेकींशी बोलत नाहीत. ते जुळवलं की कुलपाची किल्ली घडवायची, म्हणजे मशीनने स्वतःच एक लांबलचक गुप्त आकडा तयार करायचा. ती घडताना मशीनचा पंखा घुमायला लागतो, पडद्यावर टिंबांमागून टिंबं येतात आणि डॉक्टर हातात चिमटा घेऊन आपल्या मागे उभे.

"काका, अक्कलदाढ याहून लवकर निघते."

मी हसलो, पण लागलं.

दुकानात येऊन टाचणीला सांगितलं. दुकानात आम्ही दोघंच. टाचणी हे मी ठेवलेलं नाव. बोलली की टोचते, पण दुकानातलं सगळं एकत्र धरून ठेवते तीच. म्हटलं, सगळं एका पॅकेजमध्ये बांधून टाकू. गिऱ्हाइकाने एकदा बटण दाबायचं, संपलं. ती म्हणाली, "काका, स्वयंपाक येतो म्हणून कोणी लगेच हॉटेल काढत नाही."

घरी ही म्हणाली, "साठी आली. शेजारचे कुंड्यांना पाणी घालत बसतात. तुमच्याच बुडाखाली कसले निखारे आहेत?"

आहेत खरे. फुटपाथवर रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हापासून आहेत. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, जे शिकलो ते कानाने. झाकण न काढता सांगायचो, कुठला भाग गेलाय. अजून सांगतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक आली होती. मंगळवारी आणि गुरुवारी ती आमच्या बाजूला शिवणाच्या क्लासला येते आणि मग आईकडे टेकते. सासर याच गावात. जावईबापूंचा धंदा इंटरनेटच्या जोडण्यांचा, अर्ध्या गावाच्या भिंतींवरून त्यांच्या तारा गेल्यात. माणूस उमदा. कपड्याला चुणी नाही, आवाजाला खरखर नाही. आणि काळजी तरी किती! तिने दारात चप्पल काढली की माझा फोन वाजलाच. "बाबा, पोचली का?" थोड्या वेळाने पुन्हा, "काय करतेय?" आज तर व्हिडिओवरून तिला म्हणाले, फोन फिरवून खोली दाखव, कोण कोण आहे बघू दे. तिने फिरवला. मी हात हलवला. ही भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

मी हिला म्हटलं, "बघ! मी तुला माहेरी सोडलं की आणायचंच विसरायचो."

एरवी यावर हिने मला फाडून खाल्लं असतं. आज भाजीच निवडत राहिली.

लेकीला नव्या पॅकेजचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ज्याची तार आहे त्याला पण नाही उघडता येत ते कुलूप?"

"पेटी हमालाच्या डोक्यावर असली म्हणून किल्ली त्याच्या खिशात असते का?"

"नक्की?"

"बाळ, बापाने बसवलेलं कुलूप आहे."

ती नखं कुरतडत होती ती थांबली. पोरीला आमच्या धंद्यात रस वाटायला लागला, इतक्या वर्षांनी! बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाच दिवस नुसता जळफळाट. बांधणी सुरू करावी, अर्ध्यात कोसळावी. एन्क्रिप्शनची एक आवृत्ती सर्व्हरला चालेना, दुसरी चालली तर जुन्या मशीनला चालेना. जेवताना उठून दोनदा दुकानात गेलो. चप्पल एक माझी, एक शेजाऱ्याची.

आज जमलं. पॅकेज बसलं, सर्व्हर उठला, कुलूपही लागलं. पण बसताना परत तेच, पंखा घुमतोय आणि टिंबं सरकतायत. किल्ली घडवायची ती एक ओळ सगळा वेळ खाते. गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसवताना ज्या सूचना चालतात, त्या स्क्रिप्टमधून मी ती ओळ उचलली आणि दुकानातल्या आमच्या बांधणीत टाकली. आता पंखा घुमायचा तेवढा माझ्या दुकानात घुमेल, एकदाच. गिऱ्हाइकाने कशाला ताटकळायचं?

पुन्हा बसवून पाहिलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तयार. पंख्याने हूं की चूं केलं नाही. टाचणी पण म्हणाली, "अरे वा." तिच्या तोंडून हे शब्द म्हणजे सोन्याचं नाणं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दातांच्या डॉक्टरांकडे नवं पॅकेज बसवलं. ते हात धुवून येईपर्यंत माझी पिशवी बंद. म्हणाले, "झालं? काही घुमलं नाही, काही नाही?" म्हटलं, चांगल्या कारागिराचा हातोडा ऐकू येत नाही. वाक्य मलाच इतकं आवडलं की फरशीवाल्याकडे पॅकेज बसवताना पण टाकलं, आणि वाचनालयात बसवताना पण.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवं गिऱ्हाईक. मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, दारावर पाटी नाही. घंटा मात्र आहे, दोन सुरांची. पहिला सूर चढा आणि दुसरा फुटका. आतली पट्टी सैल झालीय. म्हटलं बसवून देतो, तर बाई म्हणाल्या, राहू दे, त्यावरून आम्हाला आमची घंटा कळते.

बाई या केंद्राच्या प्रमुख. घरी त्रास असलेल्या बायका इथे येतात, सल्ला घेतात. काहींना घर सोडावं लागतं, त्यांना ठेवायची एक जागा आहे, ती कुठे आहे ते सांगत नाहीत. इथलं मशीन आणि तिथलं मशीन एकमेकांशी बोलतात. कोण येणार, कधी येणार, पुढे कोणत्या पत्त्यावर जाणार. ते वाचलं गेलं तर एखाद्या बाईच्या दारात नको तो माणूस उभा राहील, असं बाईंनी सरळ सांगितलं.

मी मान डोलावली आणि बसवायला घेतलं. बाई म्हणाल्या, "लाइनवाल्याला काही दिसेल?"

मी हमालाची पेटी सांगितली. वर म्हटलं, "आणि इथली लाइन तर आमच्या जावयाची आहे. घरचाच माणूस."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

म्हणजे घराण्याची कीर्ती इथवर पोचली तर! विचारलं, माझं नाव कोणी सुचवलं? म्हणाल्या, "ज्यांचा तुमच्या कामावर भरवसा आहे त्यांनी." बहुतेक डॉक्टर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन. क्लास लांबलाय, उशिरा येईन, यांचा फोन आला तर सांगा आईबरोबर आहे. मागे घंटा वाजली. पहिला सूर चढा, दुसरा फुटका. म्हणजे त्या कंपनीच्या सगळ्याच घंटा सदोष निघतायत. विकणाऱ्याला सांगायला हवं.

ती आली तेव्हा हातात ना कापड, ना कात्री. म्हटलं, क्लासमध्ये काय शिवता, हवा? ही एकदम म्हणाली, "जरा मीठ आणता का?" डब्यात मीठ होतं, मी नंतर पाहिलं. या घरात मला हल्ली सारखं बाहेर पाठवतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जावईबापू दुकानात आले. पॅकेजची चर्चा त्यांच्या कानावर गेली, त्यांनाही त्यांच्या ऑफिससाठी हवं. मी काय नाही म्हणणार? लगेच कॉपी दिली. संध्याकाळी त्यांचा फोन. "बाबा, तुमचं पॅकेज उघडून आत पाहिलं. मस्त बांधलंय. सगळं आतच देऊन टाकलंय तुम्ही."

शिकलेला माणूस, आपल्या कामाचं असं कौतुक करतो. हिला सांगितलं. ही चहा गाळत होती, अर्धा ओट्यावर सांडला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्याकडून काहीतरी झालं, काय ते कळत नाही.

जावईबापूंचा फोन आला. "आहे का तिथे?" मी आपलं खरं ते सांगितलं, अजून आली नाही, क्लासला असेल. ते म्हणाले, "क्लासला सुट्टी आहे ना आज? मी विचारलं तिथे." म्हटलं, मग बाजारात गेली असेल. ते हसले. "असेल, असेल." आवाज नेहमीसारखाच, गुळगुळीत.

लेक आली तेव्हा तिला सांगितलं, नवरा विचारत होता. तिचा चेहरा पडला. "बाबा, आईबरोबर आहे म्हणून सांगायचं ठरलं होतं ना?" ते मागच्या गुरुवारचं होतं, मला काय माहीत दर गुरुवारचं आहे! पाणीसुद्धा न पिता गेली.

मी उगाच दुकानातल्या सगळ्या तारा गुंडाळून ठेवल्या, मग पुन्हा सोडल्या.

२ मार्च, रविवार

जावईबापू चहाला आले, एकटेच. लेकीला ताप आहे म्हणाले. इकडचं तिकडचं बोलले. मग बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "नदीपलीकडे खोल्या स्वस्त मिळतात म्हणे हल्ली. शाळेच्या मागे. लोक परस्पर बघून पण येतात."

म्हटलं, "तुम्हाला घ्यायचीय का?"

"मला कशाला? मला घर आहे." आणि हिच्याकडे पाहून हसले. ही बशी घेऊन आत गेली.

४ मार्च, मंगळवार

लेक आली नाही. फोन लावला तर जावईबापूंनीच उचलला, झोपलीय म्हणाले. ही जाऊन आली. विचारलं, ताप किती? म्हणाली, "लांब बाह्यांचं घालून बसलीय." या उकाड्यात? म्हटलं, थंडी वाजत असेल. हिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बंद पडलेल्या रेडिओकडे पाहतो.

काहीतरी आहे. मला स्वस्थ बसवत नाही, आणि कशामुळे ते सापडत नाही.

६ मार्च, गुरुवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

वाचनालयाची दुसरी शाखा निघतेय. टाचणीने दोन नव्या मशीनवर पॅकेज बसवलं आणि मला हाक मारली. "काका, प्रत्येक किल्लीचा एक ठसा असतो ना? डावीकडचा मी वाचते, उजवीकडचा तुम्ही वाचा."

ठसा म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक ओळ. दोघं मोठ्याने वाचायला लागलो आणि थोड्याच वेळात शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात पाढा म्हणत होतो. टाचणी थांबली. "जुळ्या भावांचेसुद्धा ठसे वेगळे असतात, काका."

तिचं वाक्य संपायच्या आत मला कळलं. किल्ली ज्याच्या त्याच्या मशीनवर घडायला हवी होती. मी ती ओळ उचलून इथे आणली, इथे एकदाच किल्ली घडवली आणि तीच सगळ्यांना पॅकेजमध्ये घालून वाटली. डॉक्टरांची किल्ली फरशीवाल्याला लागते, फरशीवाल्याची वाचनालयाला. अख्ख्या वसाहतीच्या दारांना एकच कुलूप ठोकणारा कंत्राटदार असतो, तसा मी! आणि कुठेच पंखा घुमत नव्हता, हे माझ्याच कानांना कळत होतं, आणि मी त्याला कारागिरी म्हणालो.

पहिला विचार काय आला तेही लिहितो. गुपचूप नवं पॅकेज पाठवायचं. 'अधिक वेगवान, सुधारित आवृत्ती' असं टाइपही करायला घेतलं. टाचणी खांद्यावरून वाचत होती. "वेग कमी होणारे, काका. खोटं तरी नीट बोला."

मी ते पुसलं.

मग ती म्हणाली, "केंद्राची लाइन कोणाची आहे?"

"आपल्या जावईबापूंची. आणि पॅकेज पण आहेच त्यांच्याकडे, परवा मीच..."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण मनात आली आणि मी स्वतःवरच चिडलो. चोर कोण? घरचा जावई!

केंद्रात फोन लावला. बाईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे पॅकेज कोणाकोणाकडे आहे?"

"डॉक्टर, फरशीवाले, वाचनालय. आणि आमचा जावई."

तेवढ्यात पलीकडे त्यांच्या दाराची घंटा वाजली. पहिला सूर चढा, दुसरा फुटका.

मी खुर्चीतून उठलो होतो की काय, आठवत नाही. त्या गुरुवारच्या फोनमागची घंटा हीच. त्या दिवशी ती क्लासला नव्हतीच.

"बाई, माझी लेक तुमच्याकडे येते का?"

"आमच्याकडे कोण येतं ते मी कोणालाही सांगत नाही. बापालाही नाही."

"बरोबर आहे. मग एवढंच सांगा, नदीपलीकडे, शाळेच्या मागे, तुम्ही कोणासाठी खोली बघितलीय का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. माझ्या घरी, चहा पिताना."

बाई म्हणाल्या, "मशीन आत्ता बंद करते. तुम्ही घरी जा. आणि तोंड नेहमीसारखं ठेवा."

७ मार्च, शुक्रवार

ती ओळ होती तिथे परत नेली. टाचणीने तीन मशीनवर बसवून तीन ठसे ताडून पाहिले, तिन्ही वेगळे. केंद्रात जाऊन आधी ते मशीन आतून पुसून कोरं केलं आणि नव्या किल्ल्या तिथेच घडवल्या. बाईंनी लाइनही बदलायला सांगितलीय, दुसऱ्या कंपनीची.

बाकीच्यांना एकेक करून सांगितलं, माझी चूक, तुमचं कुलूप उघडं होतं. फरशीवाला म्हणाला, "माझे भाव चोरून कोण काय फरशी खाणार?" वाचनालयाच्या बाई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. "पेशंटची माहिती होती त्यात, काका." दुसरा माणूस बघतो म्हणाले. बरोबर केलं त्यांनी.

घरी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला तुमच्यासारखे कान नाहीत. डोळे आहेत."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्या रविवारी त्यांना बिस्किटं देताना तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुम्हाला मनातलं झाकता येतं का कधी?"

मी आयुष्यभर स्वतःला चलाख समजत आलो.

८ मार्च, शनिवार

ही कंबर धरून झोपली. झोपली म्हणजे नाटकच, पण कण्हणं इतकं खरं की मीच एकदा पाणी घेऊन धावलो. आई आजारी म्हटल्यावर जावईबापूंना लेकीला पाठवावंच लागलं. दिवसभर राहू दे म्हणाले, तासाला फोन करेन.

आतल्या खोलीत बसलो तिघं. लेकीने बाही वर केली आणि लगेच खाली घेतली. मला तेवढं पुरलं.

म्हणाली, सोमवारी जायचं होतं. नदीपलीकडची खोली, शाळेत कामही मिळालं होतं. आता ती जागा गेली. बाईंनी दुसरं गाव, दुसरं काम बघितलंय, दिवस सोमवारच.

मग म्हणाली, "केंद्राला तुमचं नाव मीच सांगितलं होतं, बाबा."

म्हटलं, "शिव्या तरी दे."

"शिव्या नंतर. सोमवारी त्यांना एका जागी बसवून ठेवायला कोणीतरी हवंय. अर्धा दिवस तरी."

"ते माझ्याकडे दे."

निघताना म्हणाली, "नवा पत्ता सांगून ठेवू?"

मी म्हटलं, "मला नको." तिला वाटलं मी रागावलो. तिला जवळ घेतलं. किती वर्षांनी घेतलं असेल. "बाळ, जे माझ्याकडे असतं ते मी सगळ्यांना वाटतो. तुला दिसलंच."

१० मार्च, सोमवार

सकाळीच जावईबापूंना फोन केला. म्हटलं, पॅकेजात खोट निघाली, नवं बांधतोय. किल्लीचं मला नीट उमजत नाही, तुम्ही येऊन बघता का? आले. धावत आले म्हणायला हरकत नाही. वाटेत लेकीला आमच्याकडे सोडलं, हिच्या कंबरेसाठी.

"कसली खोट, बाबा?"

"अहो, किल्ली आतच राहिली होती म्हणे!" मी येड्यासारखा हसलो. तेही हसले, पण जरा थांबून.

"कोणाच्या लक्षात आलं?"

"हिच्या," टाचणीकडे बोट दाखवलं. "मला काय कळतंय? तुम्ही बसा. नवी किल्ली घडून कुठे जाते ते लक्ष ठेवा आणि मला दाखवा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी किल्लीचा आकार इतका अवाढव्य ठेवला होता, की बँकेच्या तिजोरीलासुद्धा लाज वाटावी. बटण दाबलं. पंखा घुमायला लागला, टिंबं निघाली. एक टिंब, मग बरंच काही नाही, मग आणखी एक.

मी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. फुटपाथवरचे दिवस, पहिलं गिऱ्हाईक, टाइपरायटरमध्ये घर केलेली पाल. टाचणी चहावर चहा आणत होती. तिनेही आज मला एकदासुद्धा टोचलं नाही. त्यांनी घरी फोन केला, हिने उचलला, लेक झोपलीय, उठवू का? "नको." परत टिंबं. एकदा ते उठलेच. म्हणाले, "बाबा, मी जाऊन येतो, हे चालू दे."

मी मशीनला कान लावला. "थांबा, थांबा! आवाज बदलला बघा. आता होतंय." आवाज काही बदलला नव्हता. जन्मभर ऐकलेलं खरं सांगत आलो, आज पहिल्यांदा कानावरून खोटं बोललो. "माझे कान कधी चुकलेत?"

ते परत बसले. किल्ली हवी होती त्यांना. नवी किल्ली पडद्यावरून जाताना दिसेल, कुठे ठेवलीय ते कळेल, या आशेवर तो माणूस टिंबं मोजत बसला आणि तिकडे माझी लेक गाव सोडून जात होती. मी त्यांच्याकडे बघत होतो. तोच उमदा चेहरा, तोच गुळगुळीत आवाज. मी याला सज्जन म्हणत होतो.

दुपार कलली तेव्हा माझा फोन एकदा वाजून बंद झाला. ही. मी बटण दाबून मशीन थांबवलं. "अरेरे, अडकलं वाटतं. म्हातारं झालंय ते. उद्या बघू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टाचणीकडे पाहिलं, आणि जिना उतरले, धडधड. इतका खडबडीत आवाज त्यांचा मी पहिल्यांदाच ऐकला.

१६ मार्च, रविवार

सहा दिवस काही लिहिलं नाही. दाराबाहेर गाडी थांबली की उठतो, गेली की बसतो. जावईबापू दोनदा येऊन गेले. एकदा हात जोडून, एकदा दार ठोकून. दुसऱ्या वेळी शेजारचे कुंड्यावाले बाहेर येऊन उभे राहिले, पाण्याचं भांडं हातात घेऊन, तेव्हा गेले. बाईंच्या ओळखीच्या वकिलांनी कागद केलेत. आमच्या दाराशी पुन्हा यायचं नाही असं पत्र त्यांना गेलंय.

आज त्यांचा फोन आला. "बाबा, शेवटचं विचारतो. कुठे आहे ती?"

"मला माहीत नाही."

"खोटं बोलताय तुम्ही."

"जावईबापू, खोटं बोलायचं असतं तर तुम्हाला पटेल असं बोललो असतो. सोमवारी बोललो तसं."

त्यांनी फोन आपटला.

ही दारात उभी राहून ऐकत होती. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"खरंच नाही. तुला?"

"मला तरी कुठे माहीत आहे?" म्हणाली, आणि पदराने ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता.

मी पुढे काही विचारलं नाही. पिशवी घेतली आणि मीठ आणायला गेलो.